वाचक विचारतात : वाळवंटात साप किती वाजता दिसतात?

प्रश्न : मी नागपूरला राहतो. इथल्या सर्पमित्रांबरोबर फिरून नाग, धामण, कवड्या, घोणस असे साप पाहिले आहेत. दिवाळीच्या सुट्टीत एका मित्राबरोबर जैसलमेरला जातो आहे. तीन रात्री हातात आहेत. वाळवंटातले साप रात्रीच बाहेर पडतात असं वाचलं. आम्ही रात्री दहा ते दोन फिरायचं ठरवलं आहे. वेळ बरोबर आहे का?

उत्तर : दिवाळीत दहा ते दोन म्हणजे तुम्ही दोघं वाळूत कुडकुडत असाल आणि साप बिळात असतील. दिवाळीची अमावास्या असल्यामुळे अंधाराची सोय आहे, उबेची नाही. आणि सापाला दोन्हींतलं एकच निवडायचं असेल तर तो ऊब निवडतो.

मी काही सर्पतज्ज्ञ नाही, हे आधीच सांगतो. गाव देवगडजवळचं, नोकरी पवनचक्क्यांच्या देखभालीची. आधी साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावर होतो, मग सहा वर्षं जैसलमेरच्या आसपास. पवनचक्की बंद पडली की वेळ बघायची नसते. जीप काढायची आणि वाळूतल्या कच्च्या वाटेने दहा-पंधरा किलोमीटर जायचं. साप बघायला म्हणून मी कधी निघालो नाही, ते वाटेतच होते. दुसऱ्या वर्षापासून मी वही ठेवायला लागलो. तारीख, वेळ, वाळूचं तापमान, वारा, चंद्र. तापमानासाठी वेगळं काही विकत घ्यावं लागलं नाही. बेअरिंगचं किंवा केबलच्या जोडाचं तापमान दुरून मोजायला आमच्याकडे पिस्तुलासारखा थर्मामीटर असतोच, तो वाळूवर रोखायचा.

त्या वहीतून एवढंच कळलं की मला साप दिसले ते बहुतेक वाळू २६ ते ३३ अंशांच्या मधे असताना. ही पट्टी वर्षभर तीच राहते. घड्याळातली तिची जागा मात्र महिन्यागणिक सरकते.

मेच्या शेवटी दुपारी वाळू साठ अंशांच्या आसपास जाते. चप्पल घालूनही पाय पोळतात. सूर्य मावळल्यावरही ती लगेच निवत नाही. साडेआठपर्यंत मला एखादी पाल सोडली तर काही दिसायचं नाही. नऊ-साडेनऊनंतर हालचाल सुरू व्हायची आणि ती मध्यरात्र उलटून, कधी पहाटे चारपर्यंत चालायची. तुमची दहा ते दोन ही वेळ मे-जूनसाठी उत्तम आहे. बहुधा ज्यांनी लिहिलं त्यांनी उन्हाळ्यातलं लिहिलं असेल.

ऑगस्टमध्ये गणित बदलतं. जैसलमेरला वर्षाकाठी पाऊस पडतो तो दीड-दोनशे मिलिमीटर, म्हणजे आमच्या देवगडला जुलैतल्या दोन चांगल्या दिवसांत पडेल तेवढा. पण पडला की दुसऱ्या रात्री सगळं वाळवंट बाहेर येतं. वाळवी उडते, भुंगे येतात, त्यांच्यामागे पाली आणि विंचू, त्यांच्यामागे फुरशी, म्हणजे वाळूच्या रंगाचे छोटे विषारी साप. अशा दमट रात्री दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत कधीही गेलात तरी चालेल. मला विचाराल तर वाळवंटातल्या सापांसाठी सुट्टी दिवाळीत टाकू नका, श्रावणात टाका.

तरी जायचं ठरलंच आहे म्हणता, तर दिवाळीचं सांगतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. साडेसहा ते आठ. संपलं. आठनंतर वाळू हाताला गार लागते, आणि मग दिसलं तर एखादं कोल्हं दिसेल. थंडी जरा लवकर पडली तर तेवढीही आशा धरू नका. उलट दुपारी बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसलेलं फुरसं दिसण्याची शक्यता जास्त.

एक गोष्ट नागपूरकरांनी खास लक्षात ठेवावी. जूनमध्ये तुमच्याकडे सात वाजताच दिवस मावळतो, जैसलमेरला पावणेआठ होतात. घड्याळ एकच, सूर्य वेगळा. म्हणून कुणी 'नऊ वाजता' म्हटलं की त्याला विचारा, कुठले नऊ? मी वहीत वेळेच्या शेजारी 'मावळून किती मिनिटं झाली' असा वेगळा रकाना केला, तेव्हा कुठे नोंदींना अर्थ आला. वसंतात आणि शरदात फुरशाच्या माझ्या निम्म्याहून जास्त नोंदी मावळतीनंतरच्या पहिल्या अडीच तासांतल्या आहेत.

तिकडची जुनी माणसं थर्मामीटर वापरत नाहीत. हात उपडा करून वाळूवर टेकवतात. तान्ह्या मुलाला अंघोळ घालायच्या पाण्याइतकी वाळू कोमट लागली की म्हणायचं, आता निघतील. मीही शिकलो. एका सप्टेंबरात टॉवरच्या पायथ्याशी, बॅटरी बंद करून, हात टेकवला आणि डाव्या बाजूने आवाज आला. तव्यावर मीठ भाजताना येतो तसा, कोरडा, न थांबणारा. बॅटरी लावली तर माझ्या करंगळीपासून वीतभर अंतरावर वाळूतून फक्त डोकं बाहेर, त्यावर बाणासारखी फिकट खूण, आणि बघता बघता अंग वर येऊन वेटोळ्यावर वेटोळं घासायला लागलं. फुरसं फुत्कारत नाही. त्याच्या कुशीवरचे खवले करवतीच्या दात्यांसारखे असतात, ते एकमेकांवर घासून हा आवाज निघतो. हात मी कसा काढला ते मला आठवत नाही. तुम्ही हात टेकवायचाच असेल तर आधी उजेडात ती जागा नीट बघा, किंवा सरळ डांबरी रस्त्यावर टेकवा.

डांबराचं आलंच आहे तर, पायी फिरण्यापेक्षा आडरस्त्यावर गाडी सावकाश नेणं हा साप दिसण्याचा जास्त खात्रीचा मार्ग आहे. वाळू झटकन निवते, डांबर ऊब धरून ठेवतं. दोन्हींत पाच-सहा अंशांचा फरक मी कितीदा तरी मोजला आहे. म्हणून वाळू गार झाल्यावर साप रस्त्यावर येऊन पसरतात. ताशी वीस-पंचवीसच्या वर वेग नको, काचा खाली, गाणी बंद. रस्त्यावर पडलेली प्रत्येक दोरी, प्रत्येक टायरची चिंधी साप वाटते आणि दहातली नऊ वेळा ती चिंधीच असते. दहावा बहुतेकदा चिरडलेला असतो. हा मार्ग वापरणाऱ्याने निदान एवढं करावं की जिवंत दिसला तर मागची वाहनं थांबवून त्याला रस्ता ओलांडू द्यावा.

आता बॅटरीबद्दल. डोक्याला बांधायच्या बॅटरीने सगळे किडे तोंडावर येतात हा एक त्रास, पण खरी अडचण वेगळी आहे. उजेड आणि डोळा एकाच रेषेत आले की सावली वस्तूच्या मागे लपते आणि वाळूवरचं वाळूच्या रंगाचं फुरसं सपाट दिसतं, म्हणजे दिसतच नाही. बॅटरी कमरेपाशी, जमल्यास त्याहून खाली धरा. उजेड आडवा गेला की वाळूवरची प्रत्येक लाट सावली टाकते, आणि त्या लाटांमधे एक जाड, गोल सावली वेगळी पडते. ती बघायला शिका. आणि नजर फक्त जमिनीवर ठेवू नका. पावसानंतर फुरसं केर, फोग अशा झुडपांवर चढून बसतं. मी छातीच्या उंचीवर पाहिलं आहे.

वाऱ्याबद्दल माझ्या वहीवर विश्वास ठेवू नका. तिच्यात लिहिलंय की वारा पडलेल्या रात्री साप जास्त दिसतात. पण वारा जोरात असला की पवनचक्की चालू असते आणि आम्ही खोलीत झोपलेले असतो. दुरुस्ती पडलेल्या वाऱ्यातच करायची. मी वाऱ्यात गेलोच नाही, तर मला दिसणार काय? चंद्राबद्दल मात्र जरा ठामपणे सांगतो. पौर्णिमेच्या आसपास उघड्या वाळूवर माझ्या नोंदी कमी आहेत, झुडपांच्या सावलीत तेवढ्याच. मी दोन्ही पंधरवड्यांत सारखाच जात होतो, बिघाड तिथी बघून होत नाही.

माझं ऐकाल तर त्या तीन दिवसांतली सर्वांत चांगली वेळ पहाटेची ठेवा. उजाडल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास, ऊन तिरपं असताना आणि वारा सुटायच्या आधी. साप दिसणार नाही, पण रात्रभर कोण कुठे गेलं ते सगळं वाळूवर लिहिलेलं असेल. हे मला आमच्या ड्रायव्हरकाकांनी दाखवलं. त्यांच्या घरात कुणीतरी पगी होतं, म्हणजे पावलांवरून चोरीची उंटं-गुरं शोधणारं. काका जीप थांबवायचे, विडी पेटवायचे आणि बोलायला लागायचे.

फुरशाचा माग अखंड रेघ नसतो. सुट्या तिरक्या रेघा असतात, एकीच्या शेजारी दुसरी, प्रत्येकीच्या एका टोकाला छोटासा आकडा. ते आडवं आडवं उचलत जातं, त्यामुळे अंगाचा थोडाच भाग एका वेळी वाळूला टेकतो. आधी मला वाटलं कुणीतरी काठीने रेघा ओढल्यात. काका म्हणाले, रेघांकडे बघू नका, रेघा कुठे संपतात ते बघा. चाळीसेक पावलांवर त्या एका सेवण गवताच्या गड्ड्याखाली संपत होत्या. तिथे वाळू किंचित खचलेली, ताटलीएवढी. काकांनी चार हात दुरून लांब काठीने गवत बाजूला केलं. काही नव्हतं. मग त्यांनी दुसऱ्या बाजूने निघालेल्या रेघा दाखवल्या, पहिल्यांपेक्षा दाट. 'जाताना उपाशी होतं, येताना जड आहे,' असं ते म्हणाले. खरं-खोटं मला ठरवता आलं नाही, पण गड्ड्याशी उंदराच्या पावलांची नक्षी येत होती आणि परत जात नव्हती.

मांडुळाचा माग म्हणजे बोटाने ओढलेली उथळ चारी, मधेच वाळूखाली गडप होणारी. दिवसा फिरणाऱ्या सडपातळ वाळूसापाचा माग लांब नागमोडी असतो. तो साप रात्री दिसला तर झुडपात झोपलेला दिसेल. सकाळी सात-साडेसातला मात्र दिसतो म्हणेपर्यंत नाहीसा होतो. केवळ रात्रीवर भर दिलात तर तो हुकेल.

प्रश्न : राजस्थानात 'पीवणा' नावाचा साप झोपलेल्या माणसाच्या छातीवर बसून त्याचा श्वास पितो, असं तिथे राहणाऱ्या नातेवाइकांनी सांगितलं. असा साप खरंच असतो का? (पुण्याच्या एका आजींचा प्रश्न)

उत्तर : आजी, साप खरा आहे, श्वास पिणं खोटं आहे. पण ज्यांनी ही गोष्ट रचली त्यांनी पाहिलेलं चुकीचं नव्हतं.

हा सिंधी मण्यार, आपल्या मण्यारीचा वाळवंटी भाऊबंद. फुरसं जेव्हा रात्रीचं काम आटोपत आलेलं असतं तेव्हा हा निघतो. माझ्या नोंदी अकराच्या पुढच्या आहेत. एकदा ऑगस्टमध्ये, पावणेदोन वाजता, टॉवरच्या लोखंडी दाराच्या पायरीवर आडवा पडलेला होता. काळा, ओल्या रबरासारखा चकचकीत, अंगावर पांढरे बारीक आडवे पट्टे. उजेड पडला तशी त्याने वेटोळ्याखाली डोकं खुपसलं, लाजल्यासारखं. दारातून आत जायला आम्हाला वीस मिनिटं थांबावं लागलं.

तो उंदरांमागे, दुसऱ्या सापांमागे घरात शिरतो. माणूस जमिनीवर झोपलेला असतो, कूस बदलताना अंगाखाली साप येतो आणि चावतो. दात इतके बारीक की माणूस अनेकदा जागाही होत नाही. सूज नाही, रक्त नाही, खूण शोधूनही सापडत नाही. विष मज्जातंतूंवर काम करतं. पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, मग श्वास घेणारे स्नायूच थांबतात. घरच्यांना सकाळी काय दिसतं? अंगावर जखम नाही आणि श्वास नाही. श्वास कुणीतरी पिऊन टाकला, याहून सरळ अर्थ त्यांनी काय लावावा?

उपाय तिथल्या लोकांकडे आहेच. उन्हाळ्यात-पावसाळ्यात खाटेवर झोपतात. त्याला मच्छरदाणीची जोड द्यायची आणि तिच्या कडा गादीखाली नीट खोचायच्या. आमच्या साइटवरच्या पहारेकऱ्याच्या खाटेखाली गोगाजींचा फोटो होता आणि वर मच्छरदाणी. गोगाजी म्हणजे तिकडचे सापांपासून राखण करणारे लोकदेव. गावागावात खेजडीच्या झाडाखाली त्यांचं ठाणं असतं, आणि तिकडच्या भाद्रपदात (आपल्या श्रावण वद्यात), म्हणजे साप सर्वांत जास्त फिरत असताना, त्यांची नवमी येते.

प्रश्न : रात्री सापाचे डोळे बॅटरीत चमकतात का?

उत्तर : नाही. वाळूवर दवाच्या थेंबांसारखे निळे-हिरवे ठिपके चमकतील ते कोळ्यांचे डोळे. जोडीने, उंचावर चमकले तर कोल्हं किंवा रानमांजर. विंचू हवे असतील तर जांभळ्या अतिनील उजेडाची छोटी बॅटरी घ्या, त्यात ते हिरवे पेटल्यासारखे दिसतात. आणि दिसले की तुम्ही पुन्हा चपला घालून फिरणार नाही.

प्रश्न : वाळवंटात साप चावला तर काय करायचं? प्रतिविष सगळीकडे मिळतं ना?

उत्तर : मिळतं जिल्ह्याच्या रुग्णालयात. लहान केंद्रावर असेलच असं धरून चालू नका, जायच्या आधी फोन करून विचारा. आम्ही प्रत्येक पावसाळ्याच्या सुरुवातीला विचारत होतो. एका वर्षी आमच्या एका सहकाऱ्याला फुरसं चावलं आणि सर्वांत जवळच्या केंद्रातल्या फ्रिजमध्ये प्रतिविष नव्हतं. पुढचे ऐंशी किलोमीटर मी विसरणार नाही.

रुग्णालयात एक साधी तपासणी करतात ती माहीत असू द्या. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडं रक्त घ्यायचं आणि वीस मिनिटं नळी हलवायची नाही. मग ती तिरकी करायची. रक्त गोठलेलं असेल तर ठीक, पाण्यासारखं वाहिलं तर विष भिनलं आहे. सहकाऱ्याचं वाहिलं. हिरड्यांतून रक्त यायला तेव्हा कुठे सुरुवात झाली होती. तो वाचला, पण पाच दिवस आणि बऱ्याच कुप्या लागल्या.

बऱ्याच का, तेही सांगतो. भारतातलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषापासून बनतं, आणि ते विष मुख्यतः तमिळनाडूतली इरुला या साप पकडणाऱ्या आदिवासी लोकांची सहकारी संस्था पुरवते. साप एकाच जातीचा असला तरी प्रदेशागणिक विष बदलतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये राजस्थानातलं फुरसं आणि सिंधी मण्यार यांच्या विषावर हे प्रतिविष तपासलं, तर ते कमी पडलं. तरीही आज हाताशी उपाय तोच आहे. म्हणून करकचून बांधणं, चिरणं, चोखणं, भोपाकडे, म्हणजे तिकडच्या मांत्रिकाकडे, नेणं यात एक मिनिटही घालवू नका. अवयव हलणार नाही असा ठेवा, गाडीत घाला आणि निघा.

आणि हे रुग्णालय गाठण्याआधीचं : घोट्याच्या वर येणारे जाड बूट, लांब पँट, एकट्याने जाऊ नका, परतीचं ठिकाण कुणाला तरी सांगून ठेवा. मरुभूमी राष्ट्रीय उद्यानात रात्री फिरता येत नाही. सरहद्दीकडच्या पट्ट्यात तर बॅटरी घेऊन हिंडणाऱ्या दोन माणसांना आधी सीमा सुरक्षा दल भेटेल, साप नंतर. स्थानिक वाटाड्या घ्या. गाडी वाळूत कुठेही घालू नका, माळढोकासारखा पक्षी उघड्या जमिनीवर अंडं घालतो. साप पकडणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. फोटोसाठी काठीने डिवचणारे लोक मी सम नावाच्या गावाच्या भागात पाहिले आहेत. त्यांच्याविषयी इथे छापता येईल असं मला काही सुचत नाही.

प्रश्न : मी आठवीत आहे. आमच्या देवगडला फुरशी खूप आहेत. जैसलमेरचं फुरसं तेच का?

उत्तर : जात तीच, पण अंगापिंडाने वेगळं. आपल्या कातळावरचं फुरसं बहुतेक हातभर भरत नाही, फूट-सव्वाफूट. तिकडचं दोन फुटांचं सर्रास दिसतं. आपलं चिऱ्याखाली दडतं, तिकडे चिरा कुठून येणार, ते वाळूत किंवा उंदराच्या बिळात दडतं. दोन्हीकडची मादी अंडी घालत नाही, पिल्लंच देते. खरखर मात्र अगदी तीच. पहिल्यांदा तिकडे ऐकली तेव्हा मला घर आठवलं.

काठी आपटल्याने फुरसं पळत नाही, बहुतेकदा जागीच वेटोळं घालून बसतं. म्हणून आपल्याकडे चिरे किंवा शेणी हलवताना हात वाचवायचे. मी आईला साइटवरचे चामड्याचे जाड हातमोजे नेऊन दिले होते, चिरे उचलायला. ती ते घालून चुलीवरचं भांडं उतरवते.